अजिंठा-वेरूळची सहल: आधी जेवण आणि विसावा ठरवा, मग लेणी

छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या मंडळींचा बेत ठरलेला असतो. पहिल्या दिवशी अजिंठा, दुसऱ्या दिवशी वेरूळ, येता येता दौलताबाद, संध्याकाळी बीबी का मकबरा. कुठे जेवणार, असं विचारलं की उत्तर येतं, ‘मिळेल तिथे बघू.’ सहल बिघडते ती इथेच. दुपारी अडीचला भुकेली माणसं वेरूळच्या लेण्यांपुढे असतात, लहान मूल किरकिरतंय, आजोबांची गोळी घ्यायची राहिलीय, आणि समोर कैलास लेणं असूनही कोणाचं लक्ष नाही.

या शहरात हे इतक्या सहज घडतं, कारण बघायच्या जागा एकमेकींपासून लांब आहेत. अजिंठा शहरापासून साधारण १०० किलोमीटर, वेरूळ ३०, दौलताबाद १५. लेण्यांच्या रांगेत खाद्यपदार्थ मिळत नाहीत आणि नेऊन खाताही येत नाहीत. म्हणजे एक जेवण चुकलं की पुढचं मिळायला दोन-तीन तास जातात. आधी जेवणाच्या आणि विसाव्याच्या वेळा ठरवा, मग त्यांच्या मधल्या जागेत लेणी बसवा. खालचा क्रम पोहोचण्याचा दिवस सोडून तीन मुक्कामी दिवस आणि घरातली लहान-मोठी माणसं धरून दिला आहे.

## १. आधी वार बघा

अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं, पण कोणतं कधी यात गफलत होते, आणि गाडी अजिंठ्याजवळच्या फर्दापूर फाट्यापर्यंत जाऊन परत येते. सहलीत सोमवार आणि मंगळवार दोन्ही येत असतील तर सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. दुसरा पर्याय नाही.

पण वाराचा परिणाम जेवणावरही होतो, आणि तो कोणी हिशेबात धरत नाही. सोमवारी घृष्णेश्वराला गर्दी असते. श्रावणी सोमवारी तर वेरूळ गावात पाय ठेवायला जागा नसते. हॉटेलांत टेबल मिळायला वेळ लागतो आणि बहुतेक ठिकाणी उपवासाचे पदार्थ आधी संपतात. शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीसाठी लोक येतात, त्यामुळे वेरूळच्या वाटेवर वाहनं वाढतात. हा जुना रस्ता दौलताबादला किल्ल्याच्या तटातल्या दरवाजातून जातो. तिथे एका वेळी मोठं वाहन जेमतेम निघतं. सुटीच्या दिवशी दुपारी परतताना या दरवाजाशी अडकलात तर घड्याळावर ठरवलेलं जेवण गेलंच म्हणून समजा.

तपासा: कॅलेंडर उघडून तीन गोष्टी बघा: सहलीतले वार, त्या दिवसांत येणारी चतुर्थी किंवा एकादशी, आणि जोडून आलेल्या सुट्या. मंडळींपैकी कोणाचा उपवास असेल तर तो अजिंठ्याच्या दिवशी येऊ देऊ नका. उपाशीपोटी १०० किलोमीटर जाऊन पायऱ्या चढणं, पुन्हा १०० किलोमीटर परत, हे तरुणांनाही झेपत नाही.

## २. सोबतच्या माणसांची यादी करा

ही यादी खरोखर कागदावर करा. प्रत्येकाच्या नावापुढे चार गोष्टी लिहा: सकाळी किती वाजता भूक लागते, औषध जेवणाआधी की नंतर, गुडघ्यांचं काय, आणि दुपारची झोप लागते का.

मग वेळापत्रक बसवायचं ते सगळ्यांत आधी भूक लागणाऱ्या माणसाच्या वेळेवर. बहुतेक घरांत ते लहान मूल असतं, पण बऱ्याचदा आजी असतात, आणि त्या सांगत नाहीत. ‘माझ्यासाठी थांबू नका, मला काही नको’ हे त्यांचं वाक्य खरं धरलं की संध्याकाळी चक्कर येते. मधुमेह असलेल्यांच्या बाबतीत तर ‘अजून एकच लेणं बघू’ म्हणायची सोयच नाही. त्यांच्या जेवणाची वेळ अर्ध्या तासापेक्षा जास्त हलवू नका.

मांसाहारी आणि शाकाहारी मंडळी एकत्र असतील तर तेही आत्ताच ठरवा. एकच जेवण वेगवेगळ्या ठिकाणी करायचं आणि बाकी सगळी एकत्र, हे घरीच ठरलं तर वाद होत नाही. भर दुपारी क्रांती चौकात गाडी उभी करून ठरवायला गेलात तर होतो.

## ३. रोजच्या दिवसाचे चार खुंटे ठोका

नाश्ता, दुपारचं जेवण, आडवं पडायची वेळ, रात्रीचं जेवण. प्रत्येक दिवसाला या चार वेळा आधी लिहा. लेण्याचं नाव अजून लिहू नका.

वेळा लिहिताना तीन गोष्टी सांभाळा.

पोटभर जेवल्यावर निदान तासभर चढण नको. अजिंठा, दौलताबाद, वेरूळचं २९ क्रमांकाचं लेणं, सगळीकडे पायऱ्या आहेत.

एका दिवसात पायांना दमवणारी एकच मोठी जागा. दुसरी जागा घ्यायची तर ती बसून बघण्यासारखी हवी.

आणि रोज निदान एक तास असा ठेवा की त्यात कोणी कोणाला काही दाखवणार नाही. फोटो नाही, खरेदी नाही, गाइड नाही. हा तास सगळ्यांत आधी कापला जातो, आणि तो कापल्याचा त्रास दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो.

एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत दुपारी बारा ते चार उघड्यावर काहीही ठेवू नका. वर्षअखेरच्या थंडीत ऊन सुसह्य असतं, पण दिवस लहान असतो, म्हणून दुपारचा विसावा आटोपशीर करावा लागतो.

## ४. पोहोचण्याचा दिवस रिकामा ठेवा

मुंबईहून रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने पहाटे उतरायचं आणि तसंच गाडी करून अजिंठ्याला निघायचं, हा बेत फार जण करतात. झोप अर्धवट, पोटात नुसता चहा. अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यात डोळे ताणून चित्रं बघायची असतात, तिथे ही माणसं भिंतीला टेकून डुलक्या घेतात.

पहाटे उतरलात तर खोली आदल्या रात्रीपासून घ्या आणि नऊ वाजेपर्यंत झोपा. पुण्याहून सकाळी निघालात तर दुपारचं जेवण शहरात पोहोचून, मग झोप. संध्याकाळी फक्त पाणचक्की.

पाणचक्की विसाव्यासाठी मला शहरातली सगळ्यांत चांगली जागा वाटते. मोठा हौद, त्यावर पडणारं पाणी, बाजूला प्रचंड वड. पाण्याच्या कडेला बसलं की प्रवासाचा शीण उतरतो. लोक इथे दहा मिनिटांत चक्की बघून बाहेर पडतात. तुम्ही बसा.

## ५. अजिंठ्याचा दिवस

सगळ्यांत जास्त चुका याच दिवशी होतात, म्हणून याचं वेळापत्रक सविस्तर देतो.

नेहमीची चूक अशी असते. हॉटेलचा नाश्ता भाड्यात धरलेला असतो, तो सोडवत नाही. नाश्ता आठला सुरू होतो, आंघोळी-बिंघोळी करून निघायला साडेनऊ. रस्त्यात चहा. फाट्यावर पोहोचेपर्यंत साडेबारा. तिथे सगळ्यांना भूक, म्हणून आधी जेवण. दीड-दोनला, भरल्या पोटी, डोक्यावर ऊन घेऊन पायऱ्या. पहिल्या दोन लेण्यांतच दम संपतो, आणि पलीकडच्या टोकाचं २६ क्रमांकाचं लेणं, जिथे महापरिनिर्वाणाची ती भली मोठी मूर्ती आहे, ते राहून जातं.

पायरी १: आदल्या रात्री. हॉटेलात सांगून ठेवा की नाश्ता नको, त्याऐवजी डबा बांधून द्या. बरीच हॉटेलं सँडविच, उकडलेली अंडी, केळी असं देतात. नाही दिलं तरी काही बिघडत नाही. रात्रीचं जेवण हलकं आणि साडेआठच्या आत.

पायरी २: सकाळी साडेसहाच्या आत निघा. निघताना चहा-दूध आणि दोन बिस्किटं एवढंच. ज्यांना घाटात मळमळतं त्यांनी तर एवढंच.

पायरी ३: सिल्लोडला नाश्ता. सिल्लोड साधारण दोन तृतीयांश वाटेवर येतं. आठच्या सुमारास पोहोचता. इथे पोटभर खा: पोहे, उपमा, इडली, जे गरम असेल ते. मिसळ आणि तळलेले वडे परतीसाठी ठेवा. तिखट-तेलकट खाऊन पुढे चढणं म्हणजे लेण्यात पाणी-पाणी होणं. स्वच्छतागृहही इथेच उरकून घ्या.

पायरी ४: फर्दापूर फाटा. खासगी गाड्या इथेच थांबतात. पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचं. वाहनतळापासून बसपर्यंत दुकानांची रांग आहे. दुकानदार मागे येतात, मुलांच्या हातात चमकता दगड ‘भेट’ म्हणून ठेवतात आणि परतीला दुकानात यायचं वचन घेतात. नम्रपणे नाही म्हणा आणि चालत राहा. सकाळची पंधरा मिनिटं इथे गेली तर ती पुढे उन्हात भरून द्यावी लागतात. दरीत मोबाइलचं नेटवर्क भरवशाचं नसतं, त्यामुळे ऑनलाइन पैसे देता येतीलच असं नाही. बस आणि जेवणासाठी रोख जवळ ठेवा.

पायरी ५: नऊला लेणी उघडतात, त्यानंतर होईल तेवढ्या लवकर तिकीट खिडकीशी असा. वर जाण्याआधी पुन्हा एकदा स्वच्छतागृह, आणि प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. तिचा भाव खाली उभ्या-उभ्या ठरवा, जाण्या-येण्याचा मिळून, आणि मध्ये थांबण्याचा वेळही बोलून घ्या.

पायरी ६: बघण्याचा क्रम. सकाळी डोकं ताजं असतं तेव्हा १ आणि २. आत गेल्यावर लगेच मोबाइल काढू नका; फ्लॅशला तर मनाईच आहे. गाभाऱ्याकडे तोंड करून चार-पाच मिनिटं नुसतं उभं राहा. आधी काळपट भिंत दिसते, मग हळूहळू एक खांदा, मुकुटाची कड, हातातलं कमळ. डोळ्यांना हा वेळ लागतोच, आणि घाईतल्या माणसाला तो मिळत नाही.

मग ९-१० बघून लहान विसावा घ्या. १६ आणि १७ ही चित्रांसाठी पुन्हा मोठी लेणी आहेत, त्यांच्याआधी दहा मिनिटं सावलीत बसा, पाणी प्या, मुलांना बूट काढू द्या. १७ नंतर १९ आणि शेवटी २६. या क्रमाने, रेंगाळत गेलात तरी साडेबाराच्या सुमारास परतीला लागता. बाकीची लेणी वाटेत आहेतच, पण सगळी तीस बघायचा हट्ट लहान मुलं आणि आजी-आजोबांसोबत धरू नका.

> सावधान: माकडांसमोर पिशवी उघडू नका. बिस्किटाचा पुडा नुसता खुळखुळला तरी ती येतात आणि हातातून ओढून नेतात. मुलाला काही द्यायचं असेल तर खाली उपाहारगृहात बसूनच. आग्या मोहोळंही या दरीत असतात, म्हणून त्या दिवशी अत्तर आणि उग्र वासाचे स्प्रे लावू नका.

पायरी ७: एक वाजता जेवण. लेण्यांच्या पायथ्याशी उपाहारगृह आहे, फर्दापूरला दोन-चार पर्याय आहेत. चवीच्या मोठ्या अपेक्षा ठेवू नका. साधी थाळी किंवा डाळ-भात सांगा, लवकर येतं. पंजाबी भाज्यांची लांबलचक ऑर्डर दिलीत तर पाऊण तास वाट बघाल.

पायरी ८: जेवल्यावर अर्धा-पाऊण तास तिथेच. झाडाखाली, सावलीत. दगडांची खरेदी कोणाला करायचीच असेल तर ती याच वेळात, पण बाकीच्यांना बसू द्या. अडीचला गाडीत.

पायरी ९: परतीला एकच थांबा. साडेचारच्या सुमारास चहा, सोबत हवी तर गरम भजी. सकाळी राखून ठेवलेली तिखट-तळलेली हौस आता भागवा. सहापर्यंत खोलीवर. या दिवशी संध्याकाळी मकबरा ठेवू नका. जवळ आहे, उघडा आहे, हे सगळं खरं, पण माणसं संपलेली असतात.

तपासा: जळगावहून येणाऱ्यांना अजिंठा साधारण ६० किलोमीटर पडतं. त्यांनी अजिंठा बघूनच शहरात मुक्कामाला यावं. तरीही दुपारचं जेवण लेण्यांच्या पायथ्याशीच. ‘शहरात पोहोचून जेवू’ म्हणाल तर चार वाजतात.

## ६. वेरूळचा दिवस

वेरूळ सकाळी सहाला उघडतं आणि शहरापासून तासाभरावर आहे. म्हणून इथला क्रम अजिंठ्याच्या उलट: आधी बघायचं, मग नाश्ता.

डोंगराचं तोंड पश्चिमेला असल्यामुळे सकाळी सगळ्या लेण्यांपुढे सावली असते आणि दुपारनंतर ऊन थेट अंगावर येतं. दहानंतर सहलींच्या बस येतात. तेव्हा सव्वासातला तिथे असा आणि सरळ १६ क्रमांकाच्या कैलास लेण्यात जा. खालच्या प्रदक्षिणेला निवांत तास द्या. गर्दीत तिथे माणसं माणसांचे फोटो काढताना दिसतात. सकाळी साडेसातला हत्तींच्या रांगेसमोर उभं राहिलात तर पाखरांचा आवाज ऐकू येतो.

नऊला बाहेर या आणि समोरच्या हॉटेलांत नाश्ता करा. हा खरा नाश्ता आहे, म्हणून पोटभर. खोलीवरून निघताना केळं आणि दूध घेतलेलं असावं, विशेषतः औषधं असणाऱ्यांनी.

नाश्त्यानंतर १२, १० आणि ५. दहाव्या लेण्यात मुलांना मधोमध बसवा आणि वर बघायला सांगा. दगडात कोरलेल्या वाशांच्या फासळ्या त्यांना आपोआप दिसतात. इथे थंडावा असतो, दहा मिनिटं बसण्यात काही गमावत नाही.

आता जेवणाची सोय, आणि ही युक्ती फार उपयोगाची आहे. जैन लेणी, ३० ते ३४, मुख्य रांगेपासून किलोमीटरभर दूर आहेत. तिकडे जाणाऱ्या बसमध्ये बसण्याआधी गावातल्या एखाद्या ढाब्यावर जेवण सांगून ठेवा: किती माणसं, किती वाजता, किती भाकऱ्या. बाजरीची भाकरी, पिठलं किंवा शेवभाजी, ठेचा, कांदा. भाकरी हातावर थापायची असते. आठ माणसांच्या भाकऱ्यांना वेळ लागतो. ऑर्डर ऐनवेळी दिलीत तर तासभर बसाल आणि शेवटी तंदूर रोटीवर भागवाल. सांगून ठेवलं असेल तर ३२ क्रमांकाचं लेणं बघून याल तेव्हा तव्यावर पहिली भाकरी असते.

साडेबारा-एकला जेवण. ठेचा ताटात कडेला घ्या. मराठवाड्यातली मिरची पुण्या-मुंबईच्या अंदाजाने खाऊ नका.

जेवणानंतर दोन वाटा आहेत. सोबत वयस्क माणसं असतील तर वेरूळातच दुपारी तीन-चार तासांसाठी खोली मिळते का ते आधी फोनवर विचारून ठेवा. चार पैसे जातात, पण आडवं पडता येतं. नाहीतर सरळ शहरात परता आणि आपल्या खोलीत झोपा.

घृष्णेश्वराचं दर्शन कुठे बसवायचं? दोन जागा आहेत: अगदी सकाळी, कैलासच्याही आधी, किंवा दुपारच्या विसाव्यानंतर. जेवणाच्या तोंडावर रांगेत उभं राहू नका. रांग किती वेळ घेईल ते तुमच्या हातात नसतं, आणि ‘दर्शन झाल्याशिवाय जेवणार नाही’ म्हणणारं कोणीतरी घरात असतंच. तसं असेल तर सकाळचीच वेळ धरा. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना शर्ट-बनियन काढावे लागतात आणि मोबाइल आत नेता येत नाही. एका माणसाला सामान घेऊन बाहेर बसवायचं, आणि त्याची पाळी दुसऱ्या फेरीत.

> सावधान: वेरूळ ते दौलताबाद रस्त्यावर पेरू आणि हंगामात सीताफळांच्या पाट्या घेऊन माणसं बसलेली असतात. पेरू तिथेच कापून, तिखट-मीठ लावून खा. सीताफळं मात्र चालत्या गाडीत खायला देऊ नका. हात, कपडे आणि गाडी तिन्ही चिकट होतात. पिकायला आलेली घ्या आणि रात्री खोलीवर खा.

## ७. दौलताबाद आणि शहर

वेरूळहून येता येता दुपारी तीनला दौलताबाद ‘करायचं’ हा बेत सोडून द्या. किल्ला बालेकिल्ल्यापर्यंत चढायचा तर शेकडो पायऱ्या आहेत, दगड तापलेला असतो आणि पोटात जेवण असतं. त्याला स्वतंत्र सकाळ द्या.

किल्ला उघडायच्या वेळेला दाराशी असा. त्याआधीचा नाश्ता बेताचा: दोन इडल्या किंवा एक वाटी पोहे. कारण वर जाताना अंधारी लागते. वळणावळणाचा काळोखी मार्ग, वटवाघळांचा उग्र वास. भरल्या पोटी आत गेलेल्यांना मळमळतं आणि मागे फिरायचं तर मागून रांग येत असते. पुढच्या माणसाच्या हातात विजेरी, मुलं मधे. ज्यांना दमा आहे किंवा कोंडल्यासारखं होतं त्यांनी चांद मिनार आणि खालचा परिसर बघून तिथेच सावलीत थांबावं. त्यांच्याकडे पाणी, खाऊ आणि एक फोन राहू द्या. वर गेलेल्यांना दोन-अडीच तास लागतात.

उतरल्यावर लगेच थंडगार काही पिऊ नका, आधी साधं पाणी. मग लिंबू सरबत किंवा उसाचा रस, बर्फ न घालता.

दुपारचं जेवण शहरात, आणि सहलीतलं सगळ्यांत निवांत जेवण हेच ठेवा, कारण नंतर प्रवास नाही. शाकाहारी मंडळींसाठी स्टेशन रोड, निराला बाजार, कनॉट या भागांत अमर्याद थाळी मिळते. थाळीची ठिकाणं बहुतेक तीनला बंद होतात आणि संध्याकाळी सातनंतरच उघडतात. दीडला टेबलावर असा.

मांसाहारी मंडळींनी नान खलिया याच दुपारी खावा. पिवळसर, जाड, मऊ नान आणि तर्रीदार, मसालेदार मटणाचा रस्सा. शहागंज, सिटी चौक, रोशन गेट हा त्याचा इलाका. मटण कोणतं आहे ते आधी विचारून घ्या, सांगतात. अजिंठ्याच्या आदल्या रात्री खलिया खाऊ नका. पहाटे उठून घाटाचा रस्ता आहे. रमजानच्या महिन्यात या भागातली बरीच ठिकाणं दिवसा बंद असतात आणि सूर्यास्तानंतर सगळं जागं होतं, म्हणून त्या दिवसांत बेत रात्रीचा करा.

जेवून खोलीवर, पडदे ओढून दोन तास. अलार्म साडेचारचा.

पाच वाजता बीबी का मकबरा. उतरत्या उन्हात संगमरवर डोळ्यांत जात नाही, फरशी पायांना भाजत नाही, आणि बागेत बसायला जागा मिळते. अंधार पडेपर्यंत थांबायला हरकत नाही. सगळ्यांनी मकबऱ्याला वळसा घातलाच पाहिजे असं नाही. एखादी आजी कारंज्याच्या कडेला बसून राहिली तर तिला उठवू नका.

## ८. रात्री

रात्रीचं जेवण सहलीभर हलकं असू द्या. दुपारी थाळी झाली असेल तर रात्री खिचडी-कढी किंवा ताक-भात बास. ही गोष्ट पटवणं अवघड जातं, कारण प्रत्येक रात्री ‘आज कुठे जायचं?’ असा उत्साह असतो. तो गोडाकडे वळवा. गुलमंडी-सराफा भागात ताजी इमरती मिळते. गरम असतानाच खा, घरी न्यायची वेगळी बांधून घ्या. पानाची आवड असणाऱ्यांसाठी उस्मानपुऱ्यातलं तारा पान सेंटर आहे. जुन्या शहराच्या गल्ल्यांत गाडी नेऊ नका. गुलमंडीपर्यंत रिक्षा आणि मग पायी.

## ९. गाडीतली पिशवी

लाडू-चिवड्याचे डबे भरून आणण्यापेक्षा थोडं पण नेमकं आणा. भाजलेले शेंगदाणे आणि गूळ, केळी, साधी खारी बिस्किटं, मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं, आल्याची वडी. माणशी दोन लिटर पाणी गाडीत, एक लिटर हातात. ओले आणि कोरडे रुमाल. एक जुनी सतरंजी, जिच्यावर सावलीत कोणालाही आडवं होता येईल. फरसाण, वेफर्स नकोत. तहान वाढते आणि पुड्यांचा आवाज माकडांना कळतो.

पिशवी गाडीच्या डिकीत सगळ्यांत वर ठेवा. सामानाखाली दबलेली पिशवी भर उन्हात कोणी काढत नाही.

## १०. वेळ चुकली तर काय कापायचं

जेवण आणि विसावा कापायचे नाहीत. जागा कापायच्या, आणि त्यांचा क्रम आत्ताच ठरवून ठेवा.

अजिंठ्याला पोहोचायला साडेअकरा झाले तर आधी पायथ्याशी हलकं काही खा, ताक-पोहे एवढंच. मग १, २, १६, १७ आणि २६ बघा, बाकी सोडा. जेवण अडीचला.

वेरूळला दहानंतर पोहोचलात तर आधी १० आणि १२, कैलास जेवणानंतर साडेतीनला, गर्दी ओसरू लागल्यावर. त्या दिवशी जैन लेणी सोडून द्यावी लागतील.

मुक्काम दोनच दिवसांचा असेल तर दौलताबाद काढून टाका. वेरूळहून दुपारी परतून झोपा आणि संध्याकाळी मकबरा बघा. पावसाने अजिंठ्याचा रस्ता रेंगाळला आणि सिल्लोडलाच दहा वाजले, तर तिथे पोटभर नाश्ता करून पुढे जा आणि दुपारचं जेवण तीनला धरा. मधुमेह असलेल्यांसाठी मात्र सिल्लोडहूनच एक डबा बांधून घ्या आणि लेण्यांवर चढण्याआधी, तिकीट खिडकीजवळच्या उपाहारगृहात बसून, त्यांना तो त्यांच्या वेळेला खायला लावा.